‘मुका मार’ला इंग्रजीत काय म्हणतात?

चिंचगूळ | मंगळवार, रात्री ११.१०

आम्ही लेस्टरला राहतो. आज दुपारी शाळेतून फोन आला. चिरंजीव (वय ७) मैदानातल्या लोखंडी दांड्यांना लोंबकळत होते, हात सुटला आणि पडले. मनगट धरून बसलेत, घेऊन जा. रक्त नाही, खरचटलेलं नाही, नुसतं कळवळणं. आमच्या आजीच्या भाषेत स्वच्छ मुका मार.

किरकोळ दुखापतींच्या केंद्रात नेलं. नर्सबाईंनी विचारलं, काय झालं? मी इथे सहा वर्षं अकाउंट्समध्ये आहे, ऑडिटरशी इंग्रजीत भांडते. पण पोर रडायला लागलं की माझं डोकं मराठीतच चालतं. तोंडातून निघालं, ‘ही गॉट अ बीटिंग ऑन द हँड. बट इनसाइड. यू कान्ट सी इट.’

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. आवाज एकदम मऊ झाला. ‘हू बीट हिम?’

मग मला पाच मिनिटं बाहेर बसवलं आणि त्याला एकट्याला विचारलं. तो म्हणाला, ‘आय फेल ऑफ द मंकी बार्स अँड लँडेड ऑन माय रिस्ट.’ सुटली आई.

बोटं हलवून बघितली, पॅरासिटामॉल द्या, कमी नाही झालं तर या, म्हणून घरी पाठवलं. आता तो झोपलाय आणि मी जागी. मुका मार याला इंग्रजी शब्द काय? आणि आलाच आहात तर पडणं, लागणं, कापणं, मुरगळणं यांचे शब्दही टाका इथे. शाळेत पॅसिव्ह व्हॉइस वर्षानुवर्षं घोटून घेतला, ‘खरचटलं’ला काय म्हणतात ते एकाही बाईंनी सांगितलं नाही.

गुपचूप | मंगळवार, रात्री ११.१८

सायलेंट बीटिंग की किसिंग बीटिंग? दुसरं म्हणालात तर पेनच काय, फोन उचलतील.

मक्याचं कणीस | मंगळवार, रात्री ११.४०

आयोवातून. हसू नका हो, मी पण यातून गेलेय. चिंचगूळ, आपण उगाच नाम शोधत बसतो. इथली माणसं क्रियापदावर भागवतात. ही हर्ट हिज रिस्ट. बस्स. कोपर टेबलाला आपटलं तर बँग्ड, डोकं कपाटाच्या दाराला लागलं तर बंप्ड, आणि त्यावर जे टेंगूळ येतं तेही बंपच. बोट दारात चेमटलं तर पिंच्ड, जोरात चेंगरलं तर जॅम्ड. पहिल्या दोन वर्षांत मुलीच्या पाळणाघरातून रोज चिठ्ठी यायची, त्यावर माझं हे शिक्षण झालं.

टाकेदार | बुधवार, सकाळी ६.५५

ताई, आधी कामाचं. मनगट सुजलंय का? अंगठ्याच्या बाजूला हाडावर एका बोटाने हळू दाबलं तर नेमक्या एकाच जागी ओरडतो का? तसं असेल तर आज एक्स-रे मागून घ्या. पडताना आपण हात पुढे टेकतो आणि सगळा भार मनगटावर येतो. आमच्या धंद्यात याला ‘फूश’ म्हणतात, फॉल ऑन आउटस्ट्रेच्ड हँडची आद्याक्षरं.

आता शब्द. पुस्तकी शब्द कंट्यूजन, बोलीत ब्रूझ. पण ब्रूझ म्हटलं की कातडीखाली रक्त साकळून डाग दिसला पाहिजे: आधी लालसर-निळा, मग हिरवट, मग पिवळा. आपला मुका मार काळानिळा पडेल किंवा नाहीही पडणार. ब्लंट ट्रॉमा म्हणाल तर तो बोथट वस्तूने, धार नसलेल्या आघाताने झालेला मार. त्यात आतडं फाटलेलंही बसतं. सॉफ्ट टिश्यू इंज्युरी म्हणजे हाड सोडून बाकी जे काही दुखावलं ते. यातलं मला हेच सगळ्यात जवळचं वाटतं.

मी सांगली जिल्ह्यात सर्जन आहे, त्याआधी सरकारी कॅज्युअल्टीत आठ वर्षं काढली. तिथे जखमांचं रजिस्टर लिहिताना मराठी सुटतं. खरचटलं ते अॅब्रेजन. काठी-दगडाने फुटलं ते लॅसरेशन. सुरी-विळ्याने कापलं ते इन्साइज्ड. लोक सरसकट ‘कट’ म्हणतात, पण काठी की कोयता यावर पुढचा सगळा खटला फिरतो. डोक्याला तर हमखास फसायला होतं. तिथे कातडीखाली लगेच कवटी, त्यामुळे काठीच्या फटक्यानेही कातडी सुरीने कापल्यासारखी सरळ उलते. भिंग घेऊन कडा बघायच्या. आत तंतूंचे पूल शिल्लक असतील, केसांची मुळं चिरडलेली असतील, तर काठी. रात्री दोन वाजता, बाहेर दोन्ही पार्ट्यांची माणसं उभी असताना, हे बघायचं असतं.

गुपचूप | बुधवार, सकाळी ७.३०

सकाळी सकाळी पोहे खात होतो, डॉक्टर.

संत्राबर्फी | बुधवार, सकाळी ९.०५

‘लागलं’ची गंमत आमच्या नागपूरकडच्या माणसाला विचारा. मराठी अन् हिंदी दोन्ही एकाच तोंडात. मी दिल्लीला नवीन होतो, मेट्रोच्या जिन्यावर घसरलो, गुडघा फुटला. सोबतचा विचारतो काय झालं, मी म्हणतो ‘मेरे को लगा.’ तो थांबला. ‘क्या लगा?’ मी म्हटलं, अरे बहुत जोर से लगा. तो पुन्हा, ‘हां, पर क्या लगा?’ त्याला वाटलं मला काहीतरी वाटलं आणि मी सांगत नाहीये. शेवटी पँट वर करून दाखवली बाप्पा.

खडूफळा | बुधवार, सकाळी ११.२०

वरचं वाचून राहवेना. मी मराठी शिकवते, तेव्हा थोडं खडू-फळा होणारच.

चिंचगूळ, तुमची चूक शब्दाची नाही, क्रियापदाची आहे. आपल्याकडे मार बसतो, मार लागतो आणि मार खाल्लाही जातो. जिन्यावरून पडून मार बसतो. बापाच्या हातचा मार खातो. नाम तेच, पण क्रियापदावरून कळतं की मारणारा कुणी होता की नव्हता. तुम्ही ‘बसला’चं भाषांतर करायला गेलात आणि हातात ‘खाल्ला’ आला. नर्सबाईंनी ऐकलं ते बरोबरच ऐकलं.

दुसरं असं की दुखापतीच्या वाक्यात मराठी माणूस कर्ता होतच नाही. मला लागलं. कुणी लावलं? कुणीच नाही. माझा हात मोडला, हात आपला आपण मोडला. माझ्या हातून कप फुटला, मी फक्त तिथे हजर होते. आपल्याकडे फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, पडणं-पाडणं अशा जोड्याच आहेत आणि अंगावर येईल असं दिसलं की आपण जोडीतलं पहिलं उचलतो. इंग्रजी माणूस बिनधास्त म्हणतो, आय ब्रोक माय आर्म, आय कट माय फिंगर, आय ट्विस्टेड माय अँकल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, का बरं मोडला असेल याने स्वतःचा हात?

शिळीभाकरी | बुधवार, दुपारी १.४५

खडूफळाताई, व्याकरण मान्य. पण धागा ‘मराठी समृद्ध, इंग्रजी दरिद्री’ या वळणावर चाललाय, तिथे मी आडवा येणार.

आपल्या एका खरचटण्यात इंग्रजीचे तीन शब्द बसतात. रस्त्यावर पडून गुडघ्याची सालटी निघाली ते ग्रेझ. भिंतीला कोपर घासलं गेलं ते स्क्रेप. मांजराने ओरबाडलं ते स्क्रॅच. (ओरखडा आणि बोचकारा आपल्याकडे आहेत, पण नव्या पिढीला मांजरानेही ‘स्क्रॅच’च केलेलं असतं.) दाढी करताना ब्लेड जरासं लागतं ते निक. गॅश म्हणजे आपली खोक. निकला नेमका शब्द सांगा बरं? नाही सापडणार.

भाजण्याचंही तेच. तवा, इस्त्री, विस्तव यांनी भाजलं तर बर्न. उकळतं पाणी, चहा, वाफ यांनी भाजलं तर स्कॅल्ड. आपण पोळलं, भाजलं, चटका बसला म्हणतो, पण ते किती भाजलं यावर ठरतं. कशाने, ते वेगळं सांगावं लागतं. आणि मुरगळणं, लचकणं यातही सावळा गोंधळ. सांध्याचे बंध ताणले-फाटले तर स्प्रेन, स्नायू किंवा त्याची दोरी ताणली तर स्ट्रेन. घोटा स्प्रेन होतो, कंबर स्ट्रेन होते. एका अक्षराचा फरक, म्हणून मीही वर्षानुवर्षं दोन्हीकडे एकच ठोकून देत होतो.

माझी फजिती १९९८ सालची. लंडनमध्ये पहिलाच आठवडा. कागदाने बोट कापलं. शेजारच्या टेबलावरची बाई काळजीने म्हणाली, ‘डू यू नीड अ प्लास्टर?’ मी म्हटलं, नो नो, थँक यू, इट इज नॉट ब्रोकन. ती माझ्या बोटाकडे बघतच राहिली.

मक्याचं कणीस | बुधवार, सायंकाळी ६.१०

काका!! 😀 प्लास्टर म्हणजे तिकडची चिकटपट्टी. आमच्याकडे ती बँड-एड आणि तुमचं आमचं प्लास्टर म्हणजे कास्ट. बँड-एडचा जन्म पण घरगुतीच. १९२० साली अर्ल डिक्सन नावाचा जॉन्सन अँड जॉन्सनमधला माणूस. बायकोचं स्वयंपाक करताना सारखं बोट कापायचं, भाजायचं. म्हणून त्याने चिकटपट्टीवर मधे मधे कापसाचे तुकडे लावून ठेवले, तिचं तिला एका हाताने लावता यावं म्हणून. एकट्या बाईला आपल्याच उजव्या हाताला पट्टी बांधताना काय होतं ते आठवा, मग त्या माणसाला दुवा द्याल.

आणि पोटरीत गोळा येतो त्याला इथे चार्ली हॉर्स म्हणतात. ऑफिसात एकजण म्हणाला, आय हॅड अ चार्ली हॉर्स लास्ट नाइट. मी अभिनंदन करणार होते.

तिरफळ | बुधवार, रात्री ८.००

गोळा झाला, आता उसण घ्या. मालवणहून विचारतोय. सकाळी कळशी उचलायला वाकलात आणि पाठीत कट्ट झालं, मग धड उभं राहता येईना की बसता. ती उसण भरली हे डॉक्टरला कसं सांगायचं? आणि पुढचा उपाय कसा सांगायचा? आमच्याकडे शेजारच्या वाडीतली आजी पायाळू. म्हणजे जन्मताना पाय आधी. उसण भरली की तिच्याकडे जायचं, तिने पाठीला पाय लावायचा. लहानपणी मी तिला विचारलं होतं, तुला स्वतःला भरली तर? म्हणाली, मग डॉक्टरकडे.

मक्याचं कणीस | बुधवार, रात्री ८.२५

आय थ्रू आउट माय बॅक. शब्दशः पाठ बाहेर फेकली. पायाळूला शब्द आहे, फुटलिंग ब्रीच, पण ‘द फुटलिंग लेडी किक्ड मी’ असं सांगून बघा आणि मग तुम्हाला कोणत्या वॉर्डात नेतात ते कळवा.

टाकेदार | बुधवार, रात्री ९.१५

उसण बहुतेक वेळा चार-आठ दिवसांत आपोआप उतरते. पाय लावणाऱ्या आजीचा यशाचा आकडा म्हणूनच माझ्यापेक्षा चांगला. मात्र पायात मुंग्या, बधिरपणा किंवा लघवीवर ताबा नाही असं काही असलं तर आजी नको, लगेच दवाखाना.

चिंचगूळताई कुठे आहेत? मी विचारलेलं तसंच राहिलं.

फौजदारी | बुधवार, रात्री १०.३०

आमचा प्रांत आला. सातारा, अपघात दावे. टाकेदारसाहेब ज्याला मुका मार म्हणतात ती कायद्याच्या भाषेत साधी दुखापत. पण एक्स-रेत केसाएवढी चीर दिसली की तीच जबर दुखापत. हाड किंवा दात मोडला, निखळला की जबर, मग रक्ताचा थेंब दिसो न दिसो. जुन्या दंडसंहितेत हे कलम ३२० होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ११६. तिथे आणखी एक बदल झालाय जो बऱ्याच वकिलांच्याही अंगवळणी पडलेला नाही. दुखण्यामुळे माणूस २० दिवस तीव्र वेदनेत असेल किंवा रोजचे व्यवहार करू शकत नसेल तर जबर, असं पूर्वी होतं. आता १५ दिवस.

पण मला खरं सांगायचंय ते आमच्या इंग्रजीबद्दल. फिर्यादीत हवालदार लिहितो, ‘सदर ट्रकचालकाने हयगयीने, भरधाव वेगाने वाहन चालवून फिर्यादीच्या मोटारसायकलला पाठीमागून ठोस दिली.’ इंग्रजी दाव्यात ते होतं, ‘द ट्रक गेव्ह डॅश टू द मोटरसायकल फ्रॉम बिहाइंड.’ ठोस दिली, म्हणून गेव्ह डॅश. आमच्या जिल्ह्यात हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय, न्यायाधीशही तेच लिहितात, सगळ्यांना कळतं. माझा भाचा मेलबर्नला मोटारीच्या विम्याचा अर्ज भरत होता. त्याने घरचं वळण म्हणून लिहिलं, ‘द व्हॅन गेव्ह डॅश टू माय कार.’ कंपनीतून फोन. सर, व्हॅनने तुम्हाला नेमकं काय दिलं?

गुपचूप | बुधवार, रात्री १०.३४

व्हॅन दिलदार होती.

शिळीभाकरी | गुरुवार, सकाळी ८.१०

‘मेट विथ अॅन अॅक्सिडेंट’ पण खास आपलं. इकडचा माणूस साधं म्हणतो, आय हॅड अॅन अॅक्सिडेंट. आपण मात्र अपघाताला भेटून येतो, जणू ठरलं होतं. वर्तमानपत्रांत बस ‘टर्न्स टर्टल’ होते, तो खलाश्यांचा शब्द. कासव उताणं केलं की त्याला हलता येत नाही, त्यावरून जहाज उलटण्याला म्हणायचे.

आणि अॅक्सिडेंट या शब्दावरच काही लोकांचा राग आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००१ साली जाहीर केलं की आमच्या पानांवर हा शब्द नको. कारण असं की बहुतेक दुखापती टाळता येण्यासारख्या असतात आणि अॅक्सिडेंट म्हटलं की ‘नशीब, दुसरं काय’ असं वाटतं. क्रॅश म्हणा, कोलिजन म्हणा, जे झालं ते म्हणा. आपल्याकडे हे कधी होणार? आपल्या बातमीत अजून काळ येऊन घाला घालतो. ड्रायव्हरला डुलकी लागलेली असते, ते सहाव्या ओळीत.

दुसरी पाळी | गुरुवार, दुपारी ४.४०

चाकणला सेफ्टीला आहे. वरच्या अॅक्सिडेंटच्या मुद्द्याला माझे दोन्ही हात वर. (दहाही बोटं शाबूत आहेत, प्रेस शॉपमध्ये हे सांगावं लागतं.)

खडूफळाताई म्हणतात ना कर्ता कोण, आमच्या फॉर्मवर त्याचेच रकाने आहेत. स्ट्रक बाय म्हणजे वस्तू येऊन तुम्हाला लागली. स्ट्रक अगेन्स्ट म्हणजे तुम्ही जाऊन वस्तूला धडकलात. कॉट इन म्हणजे दोन वस्तूंमध्ये सापडलात. शॉपवर पोरांना विचारलं काय झालं, तर तिन्हीला उत्तर एकच, ‘लागलं साहेब.’ मग मी त्याच्यासोबत मशीनपाशी जातो आणि म्हणतो, हात कुठे होता ते दाखव. हात पुढे करून दाखवतो तेव्हा रकाना कळतो.

एक आठवण. रात्री पावणेदोन. एक पोरगा आला, उजव्या हाताची मूठ डाव्या हातात घट्ट. म्हणाला, ‘बोट गेलं.’ मी आधी फरशीकडे बघितलं. प्रेस शॉपमध्ये बोट गेलं म्हणजे गेलंच. मूठ उघडली तर बोट जागेवर, नखाखाली रक्त साकळून जांभळं. त्याच्या गावच्या भाषेत ‘बोट गेलं’ म्हणजे ‘बोट मधे गेलं’. मी खाली बसलो आणि त्याने मला पाणी आणून दिलं.

कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्यात ४८ तासांचा हिशोब असतो. तेवढा वेळ माणूस कामावर येऊ शकला नाही तर वर कळवावं लागतं. त्यामुळे काय काय होतं ते लिहीत नाही, इथे कुणीतरी ओळखीचं निघायचं. निअर मिसला मात्र चांगला मराठी शब्द आमच्या एका हेल्परने दिला. फॉर्मवर त्याने लिहिलं होतं, ‘थोडक्यात वाचलो रजिस्टर’.

संत्राबर्फी | गुरुवार, सायंकाळी ५.२०

थोडक्यात वाचलो रजिस्टर! संसारात पण एक ठेवलं पाहिजे.

कालच बायकोच्या मनगटावर फोडणी उडाली, मी धावत टूथपेस्ट आणली. तिने शिळीभाकरींचं वाचलेलं, म्हणे हे बर्न का स्कॅल्ड? तेल ओलं, पण पाणी नाही.

टाकेदार | गुरुवार, सायंकाळी ५.५०

बर्न का स्कॅल्ड ते नंतर ठरवा, तेलालाही स्कॅल्डच म्हणतात. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही नको. नळाखाली धरायचं, साधं गार पाणी, २० मिनिटं घड्याळ लावून. बर्फ नाही. हातातली बांगडी, अंगठी सूज यायच्या आत काढायची. वहिनींना आता कसं आहे?

संत्राबर्फी | गुरुवार, सायंकाळी ५.५८

चुरचुरतं म्हणते. याला काय म्हणायचं?

खडूफळा | गुरुवार, रात्री ७.३०

स्टिंगिंग. ठणकतं ते थ्रॉबिंग, चमक मारते ते शूटिंग, दाबल्यावर दुखतं ते टेंडर, अवघडलेली मान स्टिफ. या शब्दांची मोजदादही झालेली आहे. मॅकगिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेची प्रश्नावली छापली, त्यात वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावले होते. रोग्याने आपला शब्द निवडायचा. मी वर्गात मुलांना मराठी शब्द लिहायला सांगितले होते. ठणका, कळ, सणक, ठसठस, भगभग, चरचर, सल असे फळाभर निघाले. एकाने ‘दिल टूटा’ लिहिलं, त्याला बाहेर उभं केलं.

‘सल’ला मात्र माझ्याकडे इंग्रजी शब्द नाही. काटा निघाल्यावरही बोटात काहीतरी राहिल्यासारखं दुखतं ते.

चिंचगूळ | गुरुवार, रात्री ९.४५

माफ करा, दोन दिवस धाग्यावर यायला जमलं नाही. टाकेदारदादा, तुमचा प्रतिसाद काल सकाळी चहा करताना वाचला आणि तसंच त्याच्या मनगटावर एका बोटाने दाबून बघितलं. अंगठ्याच्या बाजूला, एकाच जागी, बोंबलला. सूज फार नव्हती. ऑफिसला कळवलं आणि गेलो परत.

या वेळी वाक्य पाठ करून गेले. ही फेल ऑन हिज आउटस्ट्रेच्ड हँड येस्टरडे, अँड इट इज टेंडर राइट हिअर. बाई दुसऱ्याच होत्या, मान डोलावली आणि थेट एक्स-रे. बकल फ्रॅक्चर निघालं.

म्हणजे धाग्याचा विषयच बाद. तो मुका मार नव्हताच.

आता मनगटाला काढता-घालता येणारा पट्टा दिलाय, तीन आठवडे. शाळेतल्या सगळ्या मुलांना प्लास्टरवर सह्या करायच्या होत्या आणि प्लास्टरच नाही, म्हणून चिरंजीव नाराज आहेत.

टाकेदार | गुरुवार, रात्री १०.०५

छान केलंत. लहान मुलांचं हाड कोवळं, ते तुटण्याआधी दबतं. दाबाने एका बाजूला वळी पडल्यासारखा फुगवटा येतो, ते बकल. ओली फांदी वाकवली की एकीकडून चिरते आणि दुसरीकडून धरून राहते, तसं झालं असतं तर ग्रीनस्टिक. तुमचं त्यातलं सौम्य आहे, छान भरून येईल.

आणि विषय बाद कसा? मुका मार हे तुम्ही घरी बसून केलेलं निदान होतं. आमच्याकडे पन्नासातले चाळीस पेशंट तेच घेऊन येतात. ‘मुका मार आहे हो, नुसतं मलम द्या.’ मी आधी फोटो काढायला पाठवतो. काही निघालं नाही तर मुका मार. इंग्रजीत आम्ही कागदावर नो बोनी इंज्युरी लिहितो, आत्ता लिहिताना जाणवतंय, तोच तुमचा शब्द.

फौजदारी | गुरुवार, रात्री १०.२०

हाड गेलं, म्हणजे आमच्याकडे जबर दुखापत. आरोपी मंकी बार. फिर्याद नोंदवायची का?

दुसरी पाळी | गुरुवार, रात्री १०.५०

स्ट्रक अगेन्स्ट. जमिनीला तो जाऊन लागला, जमीन आली नाही.

तिरफळ | शुक्रवार, सकाळी ७.१५

पोराला आशीर्वाद. एवढं सगळं झालं, ठेच राहिली की. ठेच लागली याला काय?

मक्याचं कणीस | शुक्रवार, सकाळी ७.४०

आय स्टब्ड माय टो. सिगरेट विझवतात तेच क्रियापद.

खडूफळा | शुक्रवार, सकाळी ८.०५

बघा, पुन्हा त्यानेच केलं.

गुपचूप | शुक्रवार, सकाळी ८.०७

त्यांच्या घरांना उंबरे नाहीत. ठेच लागते कशाला?

चिंचगूळ | शुक्रवार, सकाळी ११.३०

पलंगाच्या पायाला. रात्री त्याला पाणी द्यायला उठले तेव्हा लागली. तो झोपेतच म्हणाला, ‘आई, काय तोडलंस?’